लागेल आणि लागणार नाही

किस्से मुद्दाम कोणी साठवत नाही. आमच्या गॅरेजमधल्या सामानासारखे ते आपोआप साठतात, आणि एक दिवस शटर वर करायलासुद्धा भीती वाटते. मला तर तशीही वाटतेच.

मागच्या थंडीत बाबांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. तेव्हापासून उजवा हात थरथरतो, चालायला काठी लागते. भोसरीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मिलिमीटरच्या हिशेबात काढलेला माणूस. पावसाळा संपत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, गॅरेजमध्ये सामानासाठी कपाटं करायची. स्वतः.

"सुताराला बोलावू या ना," मी म्हटलं.

"त्याचा हात चांगलाच आहे," बाबा म्हणाले. "सराव मला हवाय."

*

माझं काम फळी धरण्याचं. ड्रिल सुरू होणार हे मला दिसत असतं, माहीत असतं, तरी मी दचकते. पहिल्याच दिवशी दचकून फळी सोडली, ती थेट आईच्या लोणच्याच्या बरणीवर.

बाबांनी ड्रिल बंद केलं. "आपल्या दोघांत हात कोणाचा थरथरतो, ते एकदा ठरवून घेऊ."

*

बिजागऱ्या आणायला कसब्यातल्या एका जुन्या दुकानात गेले.

"किती देऊ?"

"कपाटं किती होतायत त्यावर आहे."

"मग झाली की या," म्हणून दुकानदाराने पेपर उघडला. मी तिथूनच बाबांना फोन लावला.

*

बाबा करवत चालवतात आणि मी वरच्या खोलीत बसून काम करते, हे मला जमेना. हिंजवडीच्या ऑफिसला सांगून घरून काम घेतलं आणि लॅपटॉप गॅरेजमध्ये प्लायवूडवर मांडला. दर पाच मिनिटांनी त्यांची बोटं मोजायची आणि मग स्क्रीनकडे बघायचं.

एकदा मीटिंगमध्ये मी म्हटलं, "अंदाजे शुक्रवारपर्यंत होईल."

मागून आवाज आला, "अंदाजे म्हणजे काय? माप घेतलंय की नाही?"

माइक म्यूट नव्हता. मग मॅनेजर म्हणाले, "तुझे बाबा आमच्याकडे येतील का?"

*

तीन मोठे सांगाडे उभे राहिले. बाबांचं अक्षर आता वळत नाही, म्हणून नावं मी लिहायची होती.

"पहिल्यावर काय लिहू?"

"लागेल."

"दुसऱ्यावर?"

"लागेल."

तिसऱ्याचं मी विचारलंच नाही. तिन्हींत मिळून मोटर नसलेला कूलर, माझं नववीतलं हेल्मेट आणि नुसत्या रिकाम्या खोक्यांचं एक खोकं.

आई म्हणाली, "एक कपाट 'लागणार नाही'चं पण करा."

बाबांनी केलं. पण विचित्रच. लांबट, वीतभर उंच, भिंतीलगत आडवं.

"अहो, असलं कपाट कोणी करतं का? यात मावणार काय?"

"माप घेऊन केलंय," बाबा म्हणाले. कशाचं, ते सांगितलं नाही.

आठवडाभर ते रिकामंच होतं. आईने एकदा मिक्सरचं फुटकं भांडं त्यात ठेवलं. संध्याकाळी ते 'लागेल'मध्ये परत.

"झाकण चांगलं आहे त्याचं."

"मग आता झाकणात चटणी वाटते," आई म्हणाली.

*

खंडेनवमीला ड्रिल, करवत, मोजपट्टी सगळं पाटावर. हळदकुंकू, झेंडूची फुलं. पुजलेली हत्यारं त्या दिवशी उचलायची नाहीत. आणि नेमकं तिसऱ्या कपाटाचं दार एकाच बिजागरीवर लटकत राहिलेलं.

मी अर्ध्या अर्ध्या तासाने जाऊन बघत होते. पडलं तर? कोणाच्या पायावर पडलं तर? शेवटी बाबा दुपारी झोपले तेव्हा त्यांच्या पलंगाजवळची काठी हळूच आणली आणि दाराखाली टेकू दिला.

तासाभराने बाबा गॅरेजमध्ये उभे. "माझी काठी कुठंय?"

मी दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी काठीकडे पाहिलं, मग मागे जिन्याकडे. सोळा पायऱ्या. मीही बघितलं.

"राहू दे," ते म्हणाले. "दार पडेल."

*

दसऱ्याला बाबांनी सकाळीच दुसरी बिजागरी बसवली. फळी मी धरली. दोनदाच दचकले.

दुसऱ्या दिवशी उठले तर बाबा पलंगावर नाहीत, काठीही जागेवर नाही. आई देवळात गेलेली. बाथरूम बघितलं, गच्ची बघितली. अनवाणीच खाली पळाले. शटर वर होतं, आत कोणी नव्हतं. एकेक कपाट उघडत गेले, का ते मलाही सांगता येणार नाही. कूलर. हेल्मेट. खोकी.

मग ते आडवं कपाट उघडलं.

आत काठी होती. दोन्ही टोकांना नखसुद्धा जाणार नाही, इतकी बरोबर बसलेली.

"मोजून झालं असेल तर दार लाव."

मी दचकले. मागे बाबा उभे होते. उजव्या हातात चहाचा कप, अर्धा चहा बशीत.