हळद लागलेले पाच पाइप

ती घटना आठवली की अजून डोकं तापतं. दिलसुखनगरच्या बाजूला माझ्याकडे पोलीस ठाणं होतं. उन्हाळा असा, की चोऱ्यांपेक्षा पाण्याची भांडणंच जास्त. एका सकाळी एका अपार्टमेंटचे सेक्रेटरी आपल्या वॉचमनला दंडाला धरून घेऊन आले. सेक्रेटरी पुण्याचे, आयटीत मोठ्या हुद्द्यावर. तक्रार चार पानी, मुद्देसूद. बोअरची मोटर जाम झाली, वर काढली तर खडी निघाली. टँकरवाल्यांना सामील होऊन वॉचमननंच दगड टाकले, असा आरोप. "अटक करा. त्याची खोली आम्ही संध्याकाळी रिकामी करतोय," म्हणाले. त्या खोलीत त्याची बाळंतीण बायको होती.

वॉचमन महबूबनगरकडचा, तेलुगू. त्याला मी तीन तास उलटसुलट विचारलं. "नै साब, मैं नै डाला," एवढंच उत्तर. खोटं बोलणारा तासाभरात दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुढे करतो, हा माझा अनुभव. यानं कुणाचंच केलं नाही.

दुपारी त्याच इमारतीतल्या एक नर्सबाई आल्या. मूळच्या नांदेडच्या, कोठी भागातल्या दवाखान्यात नोकरी. "सर, त्याला उगी धरलंय बघा," त्या म्हणाल्या. "बोअर आटायच्या आधी आठवडाभर माझ्या मांडणीवरची भांडी हादरत होती. मागच्या गोदामात बोअर मारायचं मशीन लागलं होतं. सेक्रेटरी साहेब ऐकूनच घेईनात."

मी बोअरच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. पाणी खाली गेलं की मोटर तळातली खडी ओढते, हे त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. मग दोन हवालदार घेऊन गोदामात गेलो. पाटी नळ-पाइपच्या दुकानाची, आणि दारात टँकर भरत होते. मालक हसतमुख. "एकिच बोर है साब, दादा के जमाने की. कायको तकलीफ लेते?" बोलतोय तोवर मला वरून फोन आला, तपास आवरता घ्या म्हणून. मी म्हणालो, "साहेब, लेखी आदेश द्या, लगेच निघतो." लेखी काही आलं नाही.

आमच्याकडे बोअर मारणारी मंडळी आधी जागेवर नारळ फोडतात, आणि पाणी लागलं की जमिनीच्या वर राहिलेल्या पाइपाला हळदकुंकू लावतात. ते कुणी पुसत नाही. पुसलं तर पाणी रुसतं म्हणतात. गोदामात कोपऱ्याकोपऱ्यांत प्लास्टिकचे मोठे पिंप पालथे घातले होते. रिकामे पिंप ओळीत रचतात, असे पांगवून कोण ठेवतं? मी एक उचलायला लावला. खाली पाइपाचं तोंड, त्यावर ताजी हळद. सगळे पिंप उचलले, तसे पाच निघाले. मालकानं कायद्यापासून बोअर लपवले, पण हळद पुसायची त्याची छाती झाली नाही. आजोबाच्या काळातली हळद इतकी पिवळी कशी राहिली, असं विचारल्यावर त्यानं खरं सांगून टाकलं. पाचही विनापरवाना, हजार-हजार फूट खोल. तहसीलदारांना बोलावून पंचनामा केला आणि बोअर सील केले.

संध्याकाळी सेक्रेटरी आले ते नवाच अर्ज घेऊन. आता आम्हीही खोल बोअर मारतो, तुम्ही शिफारस करा. मी म्हणालो, "तुमच्या आवारात तसूभर माती उघडी नाही, सगळीकडे फरशी. पावसाचं पाणी गटारात घालता आणि खालचं मात्र पाहिजे? शिफारस मिळणार नाही. आणि आधी या वॉचमनची माफी मागा." वॉचमन खुर्चीत बसला होता. तो उठायला लागला, मी त्याला बसवलं. सेक्रेटरींनी उभ्यानं माफी मागितली. खोली राहिली.

महिन्याभरात माझी बदली झाली. त्या इमारतीच्या बोअरला पाणी काही परत आलं नाही. उपसलेलं पाणी पंचनाम्यानं भरत नाही, हे मी तिथं शिकलो. आणखी एक शिकलो. पाणी आटलं की लोक आधी गरिबाची मान धरतात, कारण ती हाताशी असते. माझ्या ठाण्यात ती धरू दिली नाही. दहा बदल्या झाल्या असत्या तरी दिली नसती.