अडवलेला नारळ

देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या एका माणसानं माझा नारळ अडवला. घरीच खोलून जोडलेली जुनी स्पोर्ट्स कार मी फाट्यालगतच्या माझ्या घराच्या शेडपुढं पहिल्यांदाच सुरू केली होती, आणि ती नुसती फटाके फोडत होती. मी घाबरून पूजेलाच हात घातला, तर त्यानं नारळ उचलून काखेत मारला.

"आदी दुरुस्त करा. नारळ फुटला की माणूस पाना ठिवतो अन् समदं देवावर सोडतो."

मी इंजिन तपासलं. प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. त्या नीट लावताच इंजिन सुरात आलं.

"आता फोडू?"

त्यानं डोळे मिटून बॉनेटला कान लावला. "थांबा. अजून जरा खोकायलीय."

तेवढ्यात एसटी आली आणि तो नारळासकट चढला.

गाडी आता झकास पळते. पण नारळ फुटायचा राहिलाय, म्हणून दर रविवारी माझ्या हातात पाना असतोच.