काहिलीतल्या मुंग्या

आमचं गुऱ्हाळ बंद पडलं, तेव्हापासून गूळ शिजवायची मोठी काहील तिथंच उताणी पडली आहे. हंगाम संपला की ती पालथी घालतात; शेवटच्या वर्षी कुणी घातलीच नाही. पाणी साचून गंजली. काल भंगारवाला न्यायला आला, म्हणून बघायला गेले. गंजाचे पापुद्रे सुटलेले, खालचा रंग थेट काकवीसारखा. आणि आत मुंग्यांची रांग! मी बोटानं खरवडून चाटलं.

"अहो आत्याबाई, गंज काय खाताय?" सून ओरडली.

"थांब गं, कळू तरी दे."

गोड काही लागलं नाही. पण मुंग्या उगीच येत नाहीत. टाकून दिलेल्या वस्तूचं आपल्या मागं काय चालतं, आपण कुठं बघतो?

भंगारवाल्याला म्हटलं, "आज राहू दे. त्या मुंग्या काय नेतात ते आधी बघते."