आधी अक्षरं जातात

घाट सुरू झाला की माझ्या गाडीच्या रेडिओवर दिसणारं गाण्याचं नाव आधी जातं. गाणं मात्र, खरखरत का होईना, चालू राहतं. परवा आंबोली चढताना मी रेडिओला एक चापट मारली, तसे शेजारी काच खाली करून वारा खात बसलेले मामा हसले. त्यांची सगळी नोकरी रेडिओच्या प्रक्षेपण केंद्रात गेली.

"त्याला मारून काय उपयोग? एकाच लहरीवर दोन थर असतात. खालचा आवाजाचा, तो दणकट. वरचा अक्षरांचा, तो नाजूक. डोंगर आडवा आला की नाजूक आधी गळतो."

हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून हे सगळं त्यांनी ओरडूनच सांगितलं. माणसाच्या बोलण्यालाही असे थर असतील, असं माझ्या मनात आलं, आणि मामांपर्यंत आता अक्षरं पोचत नाहीत याचं जरा वाईट वाटलं.

इतक्यात मागच्या सीटवरून मामीनं विचारलं, "अजून किती लांब आहे रे?"

माझे कान तिखट. मी लगेच म्हणालो, "अर्धा तास, मामी."

मामांनी मागे वळूनही न पाहता आपल्या बाजूची काच वर केली. मग मला विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी आरशात पाहिलं. मामीनं अंगाभोवती घट्ट ओढलेला पदर सैल सोडला होता.

"काही नाही," ती टेकून बसत म्हणाली, "आता किती का लांब असेना."