गाडीखालचे लाल डाग

अंधेरीच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिण्याचा व्यवसाय मी त्या काळी पंधरा वर्षे करीत होतो. शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या दोषामुळे परत आला, असे कधी घडले नाही. त्यामुळे जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत माझ्या शब्दाला वजन होते. शेजाऱ्याने सामाईक वाटेवर भिंत घालून स्वतःची मोरी वाढवली, तेव्हा सर्व भाडेकरूंच्या वतीने तक्रार अर्ज मीच लिहिला आणि पहिली सहीही मीच केली. शेजारी आमच्याच मुलखातला. तो दारात येऊन एवढेच म्हणाला, "अर्ज करतंस ना? कर. तुझ्या घरात रडारड होतली, तेव्हा माझी आठवण काढ."

मी त्याला हसून वाटेला लावले. हसू मात्र फार दिवस टिकले नाही.

माझा धाकटा भाऊ गिरणी बंद पडल्यावर ड्रायव्हरकी करू लागला होता. शूटिंगसाठी गाड्या पुरवणाऱ्या मालाडच्या एका मालकाची जुनी, परदेशी बनावटीची, होडीएवढी लांब गाडी त्याच्या ताब्यात होती. सकाळी लवकर निघावे लागे म्हणून ती रात्री चाळीच्या तोंडाशीच उभी असे. आमच्याकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग दंडाच्या बळावर फिरते. हिचे तेलाच्या दाबावर फिरे. "एका बोटाने वळते रे दादा," असे तो कौतुकाने सांगे.

अर्ज दिल्यानंतर चौथ्या दिवसाची गोष्ट. पहाटे नळाला पाणी येई, म्हणून मी बादल्या घेऊन उतरलो होतो. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाजवळ जमिनीवर बशीएवढा लाल डाग दिसला. बोट लावून पाहिले. तेलात कुंकू कालवून ओतावे तसा तो चिकट होता. शेजाऱ्याचे बोल आठवले. इंजिनाचे तेल काळे असते, हे मला ठाऊक होते. लाल तेल मी जन्मात पाहिले नव्हते. कोकणात आमच्या वाडीत उंबऱ्यापुढे असे काही आढळले की त्या घरातला कर्ता माणूस वर्ष काढीत नाही, असे लहानपणापासून ऐकत आलो होतो. सही माझी होती. डाग मात्र भावाच्या गाडीखाली पडला होता.

कोणाला सांगावे? भावाची बायको सात महिन्यांची गरोदर होती. भावाला सांगितले असते तर त्याने गाडी चालवणेच सोडले असते, कारण तो माझ्याहूनही भित्रा. चाळीला सांगितले असते तर अर्ज लिहिणारा करणीला भ्याला, असे झाले असते. मी बादलीभर पाणी ओतले, राखेने जागा घासली आणि झाडूने तो लाल ओघळ गटारात लोटला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तेथेच. तिसऱ्या दिवशीही. मी सलग दहा पहाटे ती जागा धुतली. बायकोने विचारले, "अहो, इतक्या पहाटे रस्ता कसला झाडता?" मी म्हटले, "स्वच्छता ही प्रत्येक नागरिकाची जबाबदारी आहे."

त्या दहा दिवसांत माझे लेखनही बिघडले. पक्षकार समोर बसून आपली हकिकत सांगत असे आणि मला भावाची गाडी कोठेतरी उलटलेली दिसत असे. दिलेला अर्ज मागे घेत असल्याचे पत्र मी तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. त्यातच गाडी वळताना कण्हू लागली. बाळंतिणीच्या खोलीतून यावा तसा तो आवाज. मी भावाला विचारले तर म्हणाला, "पट्टा सैल झाला असेल. म्हातारी आहे ना, बोलणारच."

अकराव्या पहाटेही मी जागा धुतली. त्या दिवशी भावाला मढच्या एका बंगल्यावर शूटिंगसाठी गाडी न्यायची होती. मी कचेरीला दांडी मारून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. काही घडायचेच असेल तर दोघांना घडो, असा माझा विचार होता.

"तू आणि शूटिंग बघणार?" तो हसला. "हिरॉइनचा अर्ज लिहायचाय काय?"

निघण्यापूर्वी तो खाली उतरला, गुडघ्यावर टेकून त्याने गाडीखाली नजर टाकली आणि मग स्टिअरिंगवर बसला. "रोज बघतो," तो म्हणाला. "तेलाचा ठिपका नाही म्हणजे गाडी ठणठणीत." मी समोर पाहत राहिलो. त्या क्षणी काहीतरी समजायला हवे होते. परंतु भीतीने माणसाची बुद्धी गोठते.

मालाड सोडून मार्वे मागे टाकीपर्यंत गाडी कण्हत राहिली. पुढे कोळीवाड्याजवळच्या वळणावर समोरून बस आली. भावाने स्टिअरिंग फिरवले आणि ते फिरेना. "अरे! अरे!" एवढेच त्याच्या तोंडून निघाले. दोन्ही हातांनी, खांद्यांनी, अक्षरशः उठून उभा राहून तो ते ओढू लागला. बसचा पत्रा माझ्या खिडकीएवढा झाला. मी डोळे मिटले. मला आईचे तोंडही आठवले नाही. आठवली ती फक्त माझी सही.

बस शिव्या देत बाजूने गेली. आमची गाडी रस्ता सोडून मासळी वाळवायच्या बांबूंपासून हातभर अंतरावर थांबली. एक कोळीण कमरेवर हात ठेवून ओरडली, "सुक्या बोंबलांवर गाडी घालतोस काय रे मुडद्या?" भाऊ स्टिअरिंग धरूनच बसला होता.

मागाहून आलेल्या एका बसच्या कंडक्टरबरोबर आम्ही मालाडला मालकाकडे निरोप धाडला. दुपारी मालकाचा मिस्त्री दुसऱ्या गाडीतून आला. बोनेट उघडून त्याने स्टिअरिंगच्या तेलाच्या डब्याचे झाकण काढले. आत तेल संपून तळाला नुसता फेस उरला होता. मग रॉकेलने नळ्या पुसून त्यांवर चुन्याची भुकटी फुंकली, नवे तेल भरले आणि भावाला इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावले. जाड रबरी नळी जेथे लोखंडी टोकात दाबलेली होती, तेथे पांढऱ्या भुकटीवर लाल रेघ उमटली. डब्यात ओतलेले नवे तेलही लालच होते. मी ते पाहिले आणि खाली बसलो.

"ही नळी दोन आठवडे तरी गळतेय," मिस्त्री म्हणाला. "खाली डाग पडला नाय?"

"नाही," भाऊ म्हणाला. "रोज बघतो मी."

"काय बघतोस? नवरदेवासारखा वर बघून चालतोस. उद्या वाकायला नोकर ठेव! मालकाला सांगतो, याला गाडी देऊ नका, घोडागाडी द्या."

भावाने मान खाली घातली. काम जाणार, हे त्याला कळले होते. तो खोटे बोलत नव्हता, हे तेथे एकट्या मलाच ठाऊक होते.

मी उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे म्हणणे मी कागदावर मांडत आलो होतो. स्वतःचे मात्र तोंडातून निघेना. "डाग पडत होते," मी म्हणालो. "रोज पहाटे मी धूत होतो. मला वाटले, कोणी करणी केली."

मिस्त्री हसत सुटला. भाऊ हसला नाही.

"जगाचं गाऱ्हाणं लिहितोस, दादा," तो म्हणाला. "मला एक शब्द सांगायला काय झालं होतं? पोर माझं जन्माला यायचंय अजून."



मिस्त्रीने गाडी कशीबशी मालाडला नेली. क्रेनच्या नळ्या बनवणाऱ्या एका दुकानातून जुन्या टोकांवर नवी नळी दाबून आणली. पुढची चाके जॅकवर उचलून स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायचे, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढायची, कमी पडेल तसे तेल घालायचे, असे चालले. तेल घालण्याचे काम भावाने मला दिले. "थांब म्हणेन तेव्हा थांब," तो म्हणाला. मी एका हाताने नरसाळे धरले आणि तो थांब म्हणेपर्यंत तेल ओतत राहिलो. मालकाला मिस्त्रीने एवढेच सांगितले, की नळी जुनी होती.

घरी आल्यावर भावाची बायको दारातच उभी होती. "इतका उशीर? काय झालं?"

"काही नाही गं," भाऊ म्हणाला. "एक नळी बदलली. दादा होता ना सोबत."

तिने माझ्याकडे पाहून पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या प्रथम माझ्या हाती दिला. मला तो घ्यावा लागला.