उजव्या गालावरचा तीळ

धनलक्ष्मींच्या हातातून गॅस गेला तो दिवाळीनंतर. दोनदा दूध जळलं. एकदा शेगडी न पेटवताच बटण उघडं राहिलं आणि राजाजीनगरचं ते लहानसं घर वासानं भरलं. तेव्हापासून मुलगा दयानंद कारखान्यात जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जाई. सून यशश्री थर्मासमध्ये चहा भरून ठेवी. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं, असं धनलक्ष्मींना वाटे. थर्मासमधला चहा दुपारी पत्र्यासारखा लागायचा.

विसरण्याचा आजार असू शकेल, पाहत राहू, असं डॉक्टर म्हणाले होते. मग घरात पाहत राहणं सुरू झालं. आज वार कोणता, समोरच्या कन्नड अक्कांचं नाव काय. प्रश्न सहज आल्यासारखे येत आणि धनलक्ष्मी परीक्षेला बसल्यासारख्या उत्तर देत.

एका गोष्टीत मात्र त्या कधी अडखळत नसत. निपाणीजवळच्या त्यांच्या गावात सुगीनंतर टूरिंग टॉकीज यायची. तंबाखूच्या वखारीमागं तंबू, तंबूच्या मधोमध पांढरा पडदा, त्यावर खेळाआधी पाणी मारायचे. आईच्या ओच्यात भाजलेल्या शेंगा, आणि पडद्यावर नटी पद्मावती. तिच्या उजव्या गालावर तीळ. पदरही उजव्या खांद्यावर. त्या वर्षी गावातल्या पोरींनी पदर उजवीकडं घेतले आणि आयांचा मार खाल्ला. हे सांगताना धनलक्ष्मींचा आवाज तरुण होई. एवढं तरी शाबूत आहे, म्हणून दयानंद पुन्हा पुन्हा ऐकून घेई.

मराठी मंडळात पद्मावतीबाईंचा सत्कार ठरला, तेव्हा आईला हुरूप येईल म्हणून तोच यशश्रीसह तिला घेऊन गेला. पद्मावतीबाई चाकांच्या खुर्चीतून आल्या. धनलक्ष्मींनी निरखून पाहिलं. तीळ डाव्या गालावर होता.

त्यांनी चष्मा पुसला. तीळ हलला नाही.

“दया, ही ती नव्हे. तिचा तीळ उजवीकडं.”

“तीच आहे, आई,” दयानंद म्हणाला आणि त्यानं यशश्रीकडे पाहिलं. ते पाहणं धनलक्ष्मींना दिसलं.

पुढची भाषणं त्यांना ऐकू आली नाहीत. तीळ गेला तर पदरही गेला. शेंगा गेल्या, आईचा ओचाही गेला. मग इतकी वर्षं आपण सांगत होतो ते कुणाचं होतं?

कार्यक्रम संपल्यावर यशश्रीनं त्यांना हाताला धरून पद्मावतीबाईंच्या शेजारी बसवलं, आपण वाकली आणि सेल्फीसाठी मोबाइल समोर धरला. काचेत तिघींचे चेहरे उमटले. तिथं तीळ उजव्या गालावर होता.

“हीच की,” धनलक्ष्मी पुटपुटल्या.

यशश्रीनं बटण दाबलं. फोटो निघाला आणि तीळ पुन्हा डावीकडं गेला. आधी आरशासारखं दिसतं, फोटोत सरळ होतं, असं तिनं समजावलं.

“स्वल्प थांब,” धनलक्ष्मी म्हणाल्या. बराच वेळ त्या मोबाइलकडे बघत राहिल्या. “आम्ही बायका पडद्याच्या पलीकडं बसायचो. मशीनच्या बाजूला पुरुष. आम्ही मागनं बघायचो.”

पद्मावतीबाई हसल्या. “म्हणजे तुम्ही मला बघितलंच नाही. माझी उलटी बाई बघितलीत.”

“चांगली होती ती.”

“असेल. तिचे गुडघे तरी गेले नसतील.”

परतताना रिक्षात दयानंदला काय करू नि काय नको झालं होतं. आईचं काही चुकलं नव्हतं, बसायची जागाच उलटी होती, हे त्यानं रिक्षावाल्यालाही कन्नडमध्ये सांगितलं. उद्यापासून रेग्युलेटर चालू ठेवतो, तुझा चहा तू कर, असं तो आईला म्हणाला.

सकाळी दोघं कामाला गेल्यावर धनलक्ष्मींनी आधण ठेवलं. शेगडी पेटली. आलं, साखर, पत्ती, दूध, सगळं हाताला आपोआप आठवलं. चहा वर आला. त्यांनी बटण धरलं, आणि हात थांबला. बंद करायला डावीकडं, की उजवीकडं?

त्यांनी एका बाजूला फिरवलं. ज्योत बारीक झाली, विझली नाही. दुसरीकडं फिरवलं, तशी ती भडकली. चहा उतू जाऊन शेगडीवर चरचरला. बटण तसंच पुढं फिरत गेलं आणि केव्हातरी ज्योत गेली. कशी, ते त्यांना कळलं नाही.

उरलेला चहा त्यांनी गाळून घेतला. खुर्चीत बसून, चटके सोसत, सावकाश प्यायला. मग शेगडी पुसून स्वच्छ केली.

संध्याकाळी दयानंद बूट काढत होता, तेव्हा त्या म्हणाल्या, “उद्यापासून तो रेग्युलेटर बंद करून जा.”

“का? काय झालं?”

“काही नाही. चहा चांगला झाला होता.”