अक्काच्या सुट्टीची खोली

चष्मेवाल्याचं दुकान अरुंद होतं आणि आरशांमुळे रुंद दिसायचं. आत एक उंच खुर्ची, समोर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढली की चष्मेवाला एकेक भिंग बदलत विचारायचा, "आधीचं बरं, का आताचं?" माणसं गोंधळायची. बरीचशी त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायची. माणसाला स्वतःला काय दिसतं हे सांगायलाही धीर लागतो, असं त्याचं मत होतं. तो ते कुणाला सांगत नसे.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्याला धीर नव्हता, दाक्षिण्य होतं. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात सुट्ट्यांच्या क्लबची माहिती ऐकायला तो आणि बायको गेले, कारण जेवण फुकट होतं. माहिती सांगणाऱ्या तरुणाचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. चष्मेवाल्याला ते बघवेना. त्यानं खिशातला बारीक पेचकस काढून दांडीचा स्क्रू पिळून दिला, तरुणानं उपकार मानले, आणि त्या गोडीगुलाबीत यानं सह्या करून टाकल्या.

"त्याचा स्क्रू घट्ट झाला आणि आपला ढिला," बायको अजून म्हणायची.

क्लबची रीत अशी होती. दर वर्षी खात्यावर पॉइंट जमा व्हायचे आणि त्या पॉइंटांवर क्लबच्या कुठल्याही ठिकाणी खोली घेता यायची. कुंद हवेच्या, कुणालाच नको असलेल्या आठवड्यात खोली थोडक्यात मिळायची. शाळांच्या सुट्ट्यांत तीच खोली तिप्पट पॉइंट मागायची आणि तेवढे मोजायला बसलं तरी मिळायची नाही. त्या आठवड्यांचं बुकिंग ठरल्या सकाळी नऊला उघडायचं आणि चहा निवायच्या आत संपायचं.

मग नवराबायको दर वर्षी धुक्यातच जायचे. पोहण्याचा तलाव रिकामा करून कामगार त्याचा तळ घासत असायचे. जेवणघरात दोघंच, आणि त्यांच्या मागे वाढपी पहारेकऱ्यासारखा उभा. बाहेर वाऱ्यानं झोपाळा आपला आपण हलायचा. "राजेशाही थाट आहे," चष्मेवाला म्हणायचा. "राजा मेल्यानंतरचा," बायको म्हणायची. तरी दोघांना मजा यायची, हेही खरं.

पण त्याला न्यायचं होतं अक्काला. अक्का त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिनंच त्याला मोठं केलं. ती एका विद्यार्थिनींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि तिला रजा मिळायची ती फक्त शाळा-कॉलेजांना सुट्टी लागून मुली घरी गेल्या की. म्हणजे सगळं जग सुट्टीवर निघतं तेव्हाच. खोलीचा विषय निघाला की अक्का हात झटकायची. "मला कशाला ओढता? घराला काय धाड भरली आहे?" चष्मेवाला ते खरं धरायचा आणि त्याला बरंही वाटायचं, कारण खोली मिळतच नव्हती.

या वर्षी बातमी आली की पुढल्या वर्षापासून वसतिगृहात सुट्टीतही शिबिरं भरणार, म्हणजे चूल बंद होणार नाही. अक्काला निवृत्तीपर्यंत सलग आठवडा मोकळा मिळायचा तो या सुट्टीतलाच, शेवटचा. चष्मेवाल्याची झोप उडाली. त्यानं घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. सदस्यत्व एकच होतं, पण नोंदवलेल्या प्रत्येक नातेवाइकाला स्वतःच्या फोनवरून आत शिरता यायचं. बायको घरून बघणार, लेक तिच्या ऑफिसातून, मेहुणा त्याच्या सायकलींच्या दुकानातून. ठराव एकच झाला: ज्याला जी खोली मिळेल ती त्यानं अडवायची आणि काही झालं तरी सोडायची नाही.

ठरल्या सकाळी नेमके एक आजोबा डोळे तपासायला आले. चष्मेवाल्यानं त्यांच्या नाकावर चौकट चढवली, "एक मिनिट हं," म्हणाला आणि फोन घेऊन कोपऱ्यात वळला.

नऊ वाजले, बुकिंग उघडलं. समुद्राकाठचं ठिकाण, अक्काचा आठवडा, आणि चक्क एक मोठी खोली शिल्लक. स्वयंपाकघरासकट. त्यानं बोट दाबलं. खोली अडवली गेली. आता दहा मिनिटांत पक्कं करायचं. तो पक्कं करायला गेला, तर पाटी आली: आपल्या सदस्यत्वावर दुसरं बुकिंग चालू आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा.

लगेच बायकोचा फोन. "अहो, मला खोली मिळाली, पण पक्की होत नाहीये." मग लेकीचा. मग मेहुण्याचा. सगळ्यांना खोली मिळाली होती आणि कुणालाच मिळत नव्हती.

त्यानं क्लबला फोन लावला. पलीकडची मुलगी बघून सांगते म्हणाली आणि मग हसू दाबत बोलली, "सर, त्या आठवड्यातल्या उरलेल्या सगळ्या खोल्या तुमच्याच घरच्यांनी अडवल्यात. पाच फोनवरून. पॉइंट एका खोलीपुरते आहेत. चौघांनी सोडल्याशिवाय पाचव्याची पक्की होणार नाही, आणि वेळ संपली की पाचही सुटतील. बाहेर गर्दी आहे."

"आम्ही चौघंच आहोत."

"पाच, सर. नाव थोरल्या बहिणीचं दिसतंय."

चष्मेवाला खुर्चीचा हात धरून उभा राहिला. आजोबा म्हणाले, "काय हो, नंबर वाढलाय का माझा?"

"नाही आजोबा, तुमचं छान आहे," तो म्हणाला आणि त्यानं अक्काला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"कामात आहे मी," अक्का म्हणाली.

"अक्का, तू खोली अडवलीस?"

भांड्यांचा आवाज थांबला. "बोट लागलं चुकून."

"चुकून? नावानिशी आत शिरून?"

"मुली म्हणाल्या, आम्ही शिकवतो. मी म्हटलं, शिकवा. तुला दर वर्षी मिळत नाही, मग वाटलं आपणही बघावं." मग हळूच, "सोडू का?"

हात झटकणाऱ्या अक्काला हे हवं होतं. किती वर्षं हवं होतं कोण जाणे. रोज परक्यांच्या डोळ्यांत डोकावणाऱ्या या माणसाला घरातलं एवढं मोठं अक्षर वाचता आलं नव्हतं.

"सोडू नकोस," तो म्हणाला. "बोट तसंच ठेव."

त्यानं स्वतःची खोली आधी सोडली. ती सुटताक्षणी दुसऱ्या कुणीतरी उचललीही. मग बाकीच्यांना फोन.

"माझ्या खोलीला सज्जा आहे," बायको म्हणाली. "आधी तुमच्या मेहुण्याला सांगा."

"दाजी, हातातलं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," मेहुणा म्हणाला. "मी सोडली आणि ताईचीही गेली तर? आधी भाचीला सांगा."

"बाबा, मामा सोडतोय का? तो सोडेल तर मी सोडते," लेक म्हणाली.

"अरे, ठराव माझा होता, मोडतोही मीच आहे," चष्मेवाला प्रत्येकाला सांगत होता. "अक्कानं स्वतः अडवली आहे. स्वतः. कळतंय का?"

हे ऐकल्यावर मात्र बायकोनं सज्ज्याचा नाद सोडला. मग म्हणाली, "वन्संनी? मग काय बोलायचं. सोडली बघा." आणि तिनंच भावाला आणि लेकीला फोन करून असं काही सुनावलं की त्यांच्याही खोल्या मिनिटाच्या आत सुटल्या.

अक्कानं पक्कं केलं. मागे मुलींचा गलका झाला.

"झालं म्हणे," अक्का म्हणाली.

"कुठली खोली आहे?"

"दोघांची. मोठीही होती एक, पण तिला स्वयंपाकघर होतं. ही बिनस्वयंपाकघराची एकच राहिली होती."

चष्मेवाल्यानं कपाळाला हात लावला. "दोघांचीच? मग आम्ही सगळे?"

"तुम्ही या की पुढच्या वेळी. तुझ्या बायकोला नेते बरोबर. तीही धुकं बघून कंटाळली असेल. तू दुकान सांभाळ."

तो हसला. आधी थोडं, मग आजोबाही चौकटीआडून हसू लागेपर्यंत.

"बाळ्या, पण मला एक सांग," अक्का म्हणाली. "तिथं दिवसभर करायचं काय असतं?"

त्यानं विचार केला. "काही नाही. उठायचं. बसायचं. समुद्राकडे बघायचं. कुणीतरी जेवायला वाढतं, ते जेवायचं. मग परत बसायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि याच्यासाठी लोक एवढी मारामारी करतात?"

"करतात."

पलीकडे काहीतरी उकळत होतं. "मग बघायलाच हवं," अक्का म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.